रिकाम्या सर्व्हर रूमची फरशी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काही आमच्याकडे कधी नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. तुम्ही सगळे लिहिता ते अनुभव मी मोबाईलवर वाचते, माझा मात्र वहीत लिहिते आहे. पाठवीन की नाही, माहीत नाही.

मी करमाडला राहते आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत साफसफाईला आहे, ठेकेदाराकडून. बारा वर्षं झाली. ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, जिना चढलं की डाव्या हाताला, सर्व्हर रूम होती. काचेचं दार, आत यंत्रांनी भरलेली दोन काळी कपाटं, आणि सदा चालू असलेला एसी. सगळ्या कंपनीचे कॉम्प्युटर त्या कपाटांच्या जिवावर चालायचे. खोली कंपनीचे कॉम्प्युटर बघणाऱ्या महाजन सरांच्या ताब्यात. त्यांचा नियम कडक होता — चपला बाहेर, फडकं कोरडं, पाण्याचा थेंब आत नको. आणि आत झाडायला फक्त मी. "सुमनताई, तुमचा हात हलका आहे," म्हणायचे.

माझ्या जोडीची रुख्साना आपा हसायची. "क्या गे सुमन, दर्गा है क्या वो? चप्पल निकालके जाती!"

बारा वर्षं अनवाणी गेले. त्यामुळे त्या खोलीची घरघर मला कानांपेक्षा तळपायांना जास्त कळायची. एका कपाटात एक डबा होता. रोजच्या कामाची नक्कल तो ठेवायचा, सर त्याला बॅकअप म्हणत. नक्कल अडकली की तो तीनदा धडधडायचा, थांबायचा, परत तीनदा. मी जाऊन सरांना सांगायचे आणि सर खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढत वर यायचे.

मग सगळं क्लाउडवर गेलं. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, म्हणजे कुठं गेलं?"

"मलाही नक्की माहीत नाही ताई. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर, लांब कुठंतरी. आपण भाडेकरू."

कपाटं टेम्पोत गेली, एसी निघाला. सरांच्या हाताखालच्या असिस्टंटला काढलं. सरांच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हरही गेला. दिवसभर मीटिंगा आणि फोन. एकदा चहाचा कप उचलताना मला म्हणाले, "आधी बिघडलं की उघडून बघायचो. आता फोन लावतो. पलीकडचा म्हणतो, तुमची तक्रार नोंदवली आहे."

मग माझी पाळी आली. सुपरवायझर म्हणाला, "बाई, वरची खोली आता फायलींचं स्टोअर होणार. त्या मजल्याला एकच बाई पुरे. महिनाअखेर बघू." म्हणजे मी नाहीतर आपा. आपा बोलून जागा राखील. मी काय बोलणार? माझ्या घरात कमावणारी मी एकटी.

त्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती, नुसतं ऑफिस चालू. सकाळचे साडेनऊ. सुपरवायझरने सांगितलं, खोली ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मी बादली घेऊन वर गेले, आणि सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या.

दोन पावलं आत टाकली तर... फरशी घरघरत होती.

खोलीत काही नव्हतं. भिंतीत एसीची भोकं, कपाटांच्या जागी चार-चार डाग. आणि फरशी गार, पूर्वी असायची तशी. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या. हलले, दुसऱ्या कोपऱ्यात गेले. तिथंही तेच. मग घरघर थांबली, आणि तीनदा धडधड. थांबली. परत तीनदा.

अंगावर काटा आला. सांगावं तर बाई येडी झाली म्हणून आजच काढतील. न सांगावं तर... बारा वर्षं सांगत आले होते. बादली तिथंच टाकून मी खाली गेले. सरांजवळ नेमका सुपरवायझर उभा.

"सर... तो डबा वाजतोय."

"कोणता?"

"बॅकअपचा."

सर हसले. "ताई, तो भंगारात जाऊन सहा महिने झाले."

"झोप झाली नाय का बाई?" सुपरवायझर म्हणाला. "लई इचार करू नका."

माझे डोळे भरले. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते उठून वर आले. दाराशी थांबले. बूट काढले, मग मोजेही. आत जाऊन उभे राहिले.

मी बाहेरूनच विचारलं, "लागतंय का सर?"

सर बूट हातात घेऊन तसेच खाली गेले आणि लॅपटॉप उघडला.

एकोणीस दिवसांपासून नक्कल होत नव्हती. क्लाउडवाले रोज इशाऱ्याचा मेल पाठवत होते, पण तो जात होता काढलेल्या असिस्टंटच्या पत्त्यावर. तो पत्ता बदलायचा राहून गेला होता. सर जेवायलाही उठले नाहीत. दुपारी सगळं चालू झालं. चारच दिवसांनी डिझाईनच्या एकाकडून ड्रॉइंगांचा अख्खा फोल्डर चुकून पुसला गेला. नव्या नकलेतून परत मिळाला. नसता मिळाला तर सरांचंही काही खरं नव्हतं.

ती घरघर कशाची, ते मी खूप शोधलं. कारखाना बंद. जनरेटर बंद. खोलीच्या खाली पाहुण्यांना बसायची जागा, तिथं सोफा आणि दोन कुंड्या. आपालाही नेऊन अनवाणी उभं केलं. "कुछ नै गे, ठंडी फरशी है बस," म्हणाली.

महिनाअखेरीला कामाचा नवा तक्ता आला. आपा खालच्या मजल्यावर, आणि माझ्या नावापुढं सरांच्या अक्षरात — 'सर्व्हर रूम. रोज सकाळी. चपला बाहेर, फडकं कोरडं.' सुपरवायझर म्हणाला, "सायबानंच लिवलंय. आता म्या काय बोलू?"

दोघींचंही काम राहिलं. पण तेव्हापासून फरशी गप्प आहे. सगळं ठीक आहे म्हणून गप्प, की मलाच आता कळेनासं झालंय? हे कुणाला विचारू?

सर त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. फक्त सकाळी जिन्यात भेटले की हळूच विचारतात, "आज काही?"

"नाय सर," मी म्हणते.

पण खाली यायच्या आधी, फायलींच्या कपाटांमधे, मी रोज आणखी थोडा वेळ उभी राहते.