क्रुसाच्या सणाची तुळस

स्तामातियाशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असा माणूस ॲडलेडमधल्या आमच्या थेबर्टनच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. माझं तर रोजच वाजतं, कारण आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच कुंपण आहे आणि तेही कमरेएवढं. मी तिला थिया म्हणते. आमच्या ग्रीकांत मावशीला थिया म्हणतात, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला थिया म्हटलं की तिला आपल्याला रागवायचा हक्क मिळतो. तो हक्क तिने पुरेपूर वापरलाय. मी साठी ओलांडली, नातवंडं झाली, तरी सकाळी कुंपणावरून आवाज येतोच : "कालिरोई, अगं मेले, अजून लोळत पडलीस? तुझ्या भेंड्या तहानेने मेल्या!"

पुढच्या अंगणात लोक हिरवळ राखतात. थियाने तिथे बाकल्याच्या शेंगा लावल्यात. मागे टोमॅटो, काकड्या, दुधी, कडू पाल्याच्या तीन जाती, आणि भिंतीकडेला पुदिना, शेपू, ओरेगानो. कुंडी म्हणून विकत आणलेली एकही नाही. ऑलिव्हच्या तेलाचे रिकामे डबे, चुना फासून पांढरे केलेले. हे सगळं तिला न बघता येतं, म्हणजे भांडता भांडता येतं. तिचा जीव अडकलाय तो एकाच डब्यात. वसिलिकोच्या.

वसिलिको म्हणजे तुळशीच्याच कुळातलं झाड. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल. मी सरळ तुळसच म्हणते. पलीकडची कोन्चेत्ता तिच्या मोठ्या पानांच्या तुळशीचा रस्सा करते, तेव्हा थिया खिडकी लावून घेते. "देवाचं झाड कढईत! त्या इटालियनांना काही चाड आहे का?" आमच्याकडे ही खात नाहीत. सेंट हेलनला जिथं ही उगवलेली दिसली, तिथंच खणल्यावर येशूचा खरा क्रूस सापडला, असं आम्ही मानतो. म्हणून सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला देवळात हिचे ढीग लागतात आणि पाद्री प्रत्येकाच्या हातात एक डहाळी देतो.

म्हणजे, तिकडे देतो. थियाच्या माहेरी, लेम्नॉस बेटावर, सप्टेंबरात उन्हाळा सरत आलेला असतो आणि तुळस फुलून वेडी झालेली असते. आमच्याकडे, ॲडलेडला, सप्टेंबर म्हणजे नुकती थंडी संपलेली. तुळस कुठली यायला? इथल्या देवळात रोझमेरीच्या डहाळ्या वाटतात. थिया दरवर्षी ती डहाळी घ्यायची, पाद्र्याचा हात चुंबायची, आणि बाहेर येऊन म्हणायची, "लग्नाला बोलावलं आणि ताक पाजून पाठवलं."

तिला हवं होतं ते एवढंच : तिच्या आईच्या दाराशी दोन्ही बाजूंना तुळशीचे डबे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचा घागरा, पाटलोण त्यांना घासायची आणि घरभर वास सुटायचा. सणाच्या सकाळी तर गल्लीच्या तोंडापासून यायचा. लग्न होऊन बोटीत बसली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आई पुन्हा दिसली नाही. ते घरही आता पडलं. पण क्रुसाच्या सणाला आपल्या हातची तुळस देवळात असावी आणि एकदा, फक्त एकदा, तो वास तसाच यावा, ही तिची आस काही सुटली नाही.

आली त्या वर्षी तिने काय केलं असेल? ईस्टर झाल्यावर, सेंट जॉर्जच्या सणाला, गावी पेरतात तशी पेरली. एप्रिलात! पहिली थंडी दाराशी उभी असताना! रोपं उगवली, बोटभर झाली आणि जूनमध्ये एका रात्रीच्या गोठलेल्या दंवात काळी पडून बसली. थियाला वाटलं दृष्ट लागली. पाद्र्याला बोलावून अंगणात तीर्थ शिंपडून घेतलं. तिचा नवरा मिल्तोस गाड्यांच्या कारखान्यातून आला आणि पोट धरून हसला. "अगं बाई, आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला आलोय. इथले संतसुद्धा डोक्यावर उभे असतात!" दोन दिवस त्याला जेवण मिळालं नाही.

मिल्तोस तिच्याच गावचा. तिला मागणी घालायला त्याच दारात उभा राहिला होता. "हिच्याकडे बघायची छाती नव्हती," तो सांगायचा, "म्हणून मी आपला तुळशीचा वास घेत होतो. तिच्या आईला वाटलं, पोरगा धार्मिक आहे." हसायचा, आणि मग थियाच्या डब्यांकडे बघत राहायचा. त्यावरून मला कळायचं की त्यालाही ते दार दिसतंय.

मग थियाने हट्ट धरला. ऑक्टोबरात पेरायची, उन्हाळाभर तुरे खुडत राहायचे म्हणजे झाड बी धरून म्हातारं होत नाही, मार्चमध्ये फांद्या तोडून पाण्यात ठेवून मुळं फुटू द्यायची, आणि नवी रोपं हिवाळ्यात घरात घ्यायची. मिल्तोसने जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून मोरीच्या भिंतीला एक खोपटं करून दिलं. मे जायचा, जून जायचा, जुलैही जायचा. ऑगस्टमध्ये देठ काळे पडायचे. दरवर्षी. मी म्हणायचे, "थिया, सोड आता. पालथ्या घड्यावर पाणी." ती म्हणायची, "तुझं तोंडच पालथं आहे." मिल्तोस गेला त्या वर्षीही तिने फांद्या पाण्यात ठेवल्याच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

गेल्या जूनमध्ये तिला फ्लू झाला. चांगले दोन आठवडे अंथरुणाला खिळली. बरी झाली आणि मी एका सकाळी सूप घेऊन गेले, तर दारातच करपल्याचा धूर. कॉफीचं भांडं गॅसवर कोरडं होऊन लाल झालेलं आणि ही बाई त्याच्या शेजारी उभी राहून शांतपणे पाव कापतेय.

"थिया! घर पेटवतेस काय?"

तिने भांड्याकडे पाहिलं. गॅस बंद केला. मग खाली बसली.

"मला वास येत नाही गं कालिरोई. कशाचाच नाही."

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. रोज काहीतरी उग्र हुंगत जा. तिने लिंबू हुंगलं, व्हिनेगर हुंगलं, ओरेगानो तळहातावर चुरडून नाकात कोंबला. काही नाही. माझ्यासमोर ती रडली नाही. पण भांडायची बंद झाली, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. मग एका संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणाली, "तुळशीने येईल. ती फुलली की येईल. बघशील तू."

मला हसूही आलं आणि धास्तीही वाटली. कारण ऑगस्ट तोंडावर होता.

त्या हिवाळ्यात तिने त्या एका डब्याचे जे लाड केले, तेवढे पोटच्या पोराचेही केले नसतील. डबा स्वतःच्या झोपायच्या खोलीत नेला. हीटर त्याच्याकडे तोंड करून, आणि ही दोन शाली गुंडाळून कुडकुडत. "तूच मरशील आधी!" मी ओरडले. "मग तू पाणी घाल," ती म्हणाली. दिवसा ऊन खिडकी बदलेल तसा डबा बदलायचा. पाणी कोमट, तेही सकाळीच. मी रोज जाऊन देठ बघायचे, अगदी खाली वाकून, आणि रोज ती विचारायची, "काळा?" मी म्हणायचे, "हिरवा."

ऑगस्ट सरला. देठ हिरवाच. सणाच्या आठवड्यात पांढरे, बारीक तुरे आले. मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. थिया मात्र डब्याला नवा चुना लावत बसली, म्हणाली, "ओरडू नकोस, दृष्ट लागेल."

तिने सणापर्यंत झाडाला हात लावला नाही. पहिला हात देवळातच लागायचा, म्हणाली. सणाच्या सकाळी मी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. पाद्र्याने बघितलं आणि रोझमेरीची परात बाजूला सारली. मग म्हातारेकोतारे पुढे सरसावले. आमच्यात तुळशीला नाक लावत नाहीत. झाडावरून हळूच तळवा फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. एकामागून एक हात फिरत होते आणि देवळात तो वास असा काही पसरला की धूपही मागे पडला. एक आजोबा तर भर प्रार्थनेत मोठ्याने रडले. थिया खांबाशी उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. पाद्र्याने तिला सगळ्यांत मोठी डहाळी दिली. तिने ती छातीशी धरली आणि मला म्हणाली, "घरी चल."

मागच्या पायरीवर आम्ही बसलो. डबा समोर. डहाळ्या वाटून आता त्याचं निम्मं झाड उरलं होतं. थियाने डोळे मिटले, तळवा फिरवला, नाकाशी धरला. परत फिरवला. परत धरला. 

"नाही," ती म्हणाली.

"थिया, होईल हळूहळू—"

"तू सांग." तिने तोच तळवा माझ्या नाकाशी आणला. "कसा येतोय, सांग मला."

मी तळवा हुंगला. "गोड आहे. थोडा लवंगेसारखा..."

"ते मला ठाऊक नाही होय? नीट सांग!"

मग जे खरं होतं ते मी सांगितलं. "तुझ्या स्वयंपाकघरासारखा येतोय. आई कामावर असायची तेव्हा मी तुझ्याकडे बसायचे ना, तसा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आईच्या दारासारखा नाही?"

"ते दार मी कुठं पाहिलंय, थिया?"

"खरंच," ती म्हणाली. "मिल्तोसने पाहिलं होतं. आणि मी." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली, तोंडावर हात न घेता, लहान मुलीसारखी.   मी तिचा हात धरून बसले.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, झाडावरून पुन्हा तळवा फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

"हुंग."

मी हुंगलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आणखी एकदा," ती म्हणाली.