करवती काठाचं विमान

माझं विमान पहिल्यांदा उडालं त्या सकाळचा एक फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून आहे. त्यात माझे यजमान हातात विमानाचा रिमोट धरून उभे आहेत. त्यांच्यामागे विमानाची शेपटी दिसते. मी कुठेच नाही. खाली लिहिलंय, 'आपल्या सरांनी गावाचं नाव आकाशात नेलं.' त्याखाली जोडलेल्या हातांची आणि गुलाबाच्या फुलांची रांग लागली आहे. राग थंड व्हायला लागला की मी तो फोटो उघडून बघते.

सर म्हणजे माझा नवरा. ते हायस्कुलात मराठी शिकवतात, आणि खरंच छान शिकवतात. पण घरातला बल्ब गेला की मला हाक मारतात. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. कानस कशी चालवायची, भोक कुठं पाडायचं, नट किती आवळायचा, हे शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. गावाला हे माहीत नाही असं नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे पंप मी उघडून दुरुस्त केले आहेत. तरीसुद्धा आमच्या मागच्या खोलीत विमान तयार होतंय ही बातमी फुटली, आणि पहिल्या दिवसापासून ते 'सरांचं विमान' झालं.

विमान लढाऊ. दुसऱ्या महायुद्धातलं, नाकावर एकच पंखा आणि आत एकाच माणसाची जागा असलेलं. मी करत होते ती त्याची रिमोटवर उडणारी छोटी प्रत. छोटी म्हणजे आमच्या पलंगापेक्षा लांब पंख, आणि झाडं कापायच्या मशीनला असतं तसं पेट्रोलचं इंजिन. धान ठेवायच्या खोलीतली पोती एका भिंतीला लावून मी जागा केली. प्लायवूडच्या फासळ्या कापल्या, त्या ओवल्या, चिकटवल्या, एक पंख वाकडा आला म्हणून मोडला आणि पुन्हा केला. का केलं, असं लोक अजून विचारतात. कोणी रोज संध्याकाळी चौकात कॅरम खेळतो, त्याला का म्हणून कोणी विचारत नाही. मला मात्र विचारतात, आणि वर 'घरचं सगळं उरकून करता ना?' हेही विचारतात.

सामान आणायला साकोलीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. हार्डवेअरच्या दुकानात मी दोन ट्यूबा मिसळून करायचा तो गोंद मागितला. दुकानदारानं माझ्या खांद्यावरून मागं उभ्या असलेल्या सरांना विचारलं, "सर, लवकर सुकणारा देऊ का उशिरा सुकणारा?"

सर म्हणाले, "चांगला द्या."

मी बाहेर येऊन भांडले. तुम्ही सांगत का नाही, असं सरळ विचारलं. ते गाडीला किल्ली लावत म्हणाले, "अगं, लोक बोलून राहिले तं बोलू दे ना. घरातलंच तं आहे सगळं. त्यात तुझं-माझं काय?"

"मग दहावीचा निकाल चांगला लागला की हार माझ्या गळ्यात का नाही पडत? घरातलंच तर आहे."

ते हसले. हीच त्यांची खोड. वाईट माणूस नाही, पण फुकटचं कौतुक आलं की मान खाली घालून घेत राहतो, आणि लोकांना तो विनय वाटतो. माझा जीव तिथंच जळायचा.

पंख मढवायची वेळ आली तेव्हा खरी अडचण झाली. त्यासाठी प्लॅस्टिकचं पातळ आवरण मिळतं, इस्त्रीनं तापवून ताणायचं. ते करणाऱ्यानं आमच्याकडचा मे महिना पाहिला नसावा. पत्र्याच्या खोलीत दुपारभर पंख राहिला की आवरण सैल पडून सुरकुत्या धरायचं. दोनदा केलं, दोनदा ओरबाडून काढलं. मग आठवलं की पूर्वी असे पंख रेशमानं मढवत. आणि रेशीम म्हटल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या बाईनं कुठं बाहेर कशाला शोधायचं?

माझ्या पेटीत लग्नाची कोश्याची साडी होती. सासूबाईंनी आंधळगावला विणकराच्या घरी बसून, काठ स्वतः पसंत करून आणलेली. अंग मधाच्या रंगाचं, आणि दोन्ही कडांना मरून रंगाचा करवती काठ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी विणलेला. लग्नात नेसले, नणदेच्या लग्नात नेसले, आणि नंतर ती कडुनिंबाच्या पाल्यात पडून राहिली. कात्री लावताना माझा हात थरथरला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. थरथरला नाही. कापड ओलं करून फासळ्यांवर ताणलं, वर लॅकरचे हात दिले, आणि दुसऱ्या दिवशी टिचकी मारली तर पंख ढोलकीसारखा वाजला. त्या दिवशी मी एकटीच खोलीत उभी राहून हसले.

वरच्या अंगाला हिरवा आणि मातकट रंग दिला. खालचं अंग तसंच ठेवलं, कारण रंगालाही वजन असतं. काठाची वीण घट्ट, म्हणून तो पंखाच्या मागच्या कडेला घेतला, तिथं ताण जास्त येतो. सासूबाईंचं डोकं पेट्रोलच्या वासानं दुखायचं, त्या खोलीकडे फिरकत नसत. साडीचं त्यांना कळलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आमचा तलाव आटतो आणि मधला गाळ वाळून कडक होतो. धानाच्या बांध्यांच्या या मुलखात सपाट जागा तेवढीच, बाकी पावलागणिक धुरे, म्हणजे शेतांचे बांध. शाळेच्या खेळपट्टीचा रोलर आणून मी तिथं पट्टी तयार केली. गुपचूप उडवायचं ठरवलं होतं. पण सर शाळेत बोलून आले, आणि शाळेतलं बोलणं ग्रामपंचायतीत पोचायला वेळ लागत नाही. आमच्या गावाच्या सरपंच एक बाई आहेत. त्यांच्या यजमानांना गाव सरपंच म्हणतं. या यजमानांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावर, मंडप, भोंगे आणि सत्कार असा सगळा घाट घातला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा हसरा फोटो, मागं कुठलं तरी खरं जेट विमान, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत 'मोलाची साथ' म्हणून मी, तीही सौ. लावून त्यांच्याच नावानं.

तो फ्लेक्स पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमान नेतच नाही, असं मी घरी सांगून टाकलं. मग विचार केला, रुसून बसले तर विमान खोलीत राहील आणि सरांचंच राहील. मला शाल नको होती, नारळ नको होता. मला एकच हवं होतं. ते जमिनीवरून सुटेल तेव्हा ते कोणाच्या हातचं आहे हे पाळीवरच्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी गेले.

सकाळी वारा पडलेला असतो म्हणून लवकरची वेळ घेतली होती. तरी गाव लोटलं होतं. सासूबाई मंडपात पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मुलाचा सत्कार बघायला इस्त्रीचं पातळ नेसून. सरपंच बाई त्यांच्या शेजारी, मांडीवर माझ्या ओटीचं ताट घेऊन. होय, सरांना शाल आणि मला ओटी. त्यांचे यजमान नारळ घेऊन विमानाच्या नाकाकडे निघाले, तेव्हा मी मध्ये उभी राहिले. नारळ दगडावर फोडा म्हटलं, हे नाक फुटलं तर कोणत्या देवाकडे मागायचं? ते थबकले, पण तेवढ्यात टेबलावरचा रिमोट उचलून त्यांनी सरांच्या हातात दिला. "सर, धरा बरं. एक फोटो होऊन जाऊ द्या."

आणि सरांनी धरला. उलटा धरला, अँटेना पोटाकडे. मी त्या माणसाबरोबर संसार केला आहे, पण त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"द्या इकडं," मी म्हणाले.

त्यांनी दिला. भोंग्यातून यजमानांचा आवाज आला, "आता मॅडम जरासा हात साफ करून पाहतील, मंग आपले सर उडवतील!" टाळ्या पडल्या.

सरांना मी शेपटी धरायला लावली. इंजिन एका झटक्यात लागलं. धूळ उडाली, पुढच्या रांगेतल्यांनी तोंडाला पदर आणि रुमाल लावले. मी मान हलवली, सरांनी सोडलं, विमान पट्टीवर धावलं, शेपटी उचलली, आणि सुटलं. लोक ओरडले. मी ते नुसतं ऐकलं, पाहिलं नाही, कारण उडवणाऱ्याला विमानावरून नजर काढता येत नाही. नजर हटली की ते गेलं. त्यामुळे पुढं जे झालं ते सगळं माझ्या पाठीमागं झालं, आणि मी ते भोंग्यातून ऐकलं.

आधी यजमानांनी सरांना मंडपात नेलं आणि शाल घातली. मग सरांच्या हातात माईक दिला. सर म्हणाले, "मित्रहो, या निर्मितीच्या प्रवासात आम्ही..." आम्ही! माझा अंगठा स्टिकवर दाबला गेला आणि विमान डुललं. ते सावरलं, पाळीला समांतर आणलं, आणि लोकांपासून दूर वळवलं. वळताना ते एका कुशीवर झालं आणि त्याचं पोट मंडपाकडे आलं. कोवळं ऊन नेमकं त्यावर पडलं असणार.

"अवं माय! हा तं माह्या कोश्याचा काठ होय!"

सासूबाईंचा आवाज. त्या उठून सरांजवळ आल्या असाव्यात, कारण माईकनं एकूण एक शब्द पकडला.

"आंधळगावावून म्या निवडून आणला होता! लगनाचा लुगडा फाडला इनं!"

"आजी, थांबा ना, सरांचं भाषण चालू आहे," यजमान म्हणाले. "सरांनी इतकं मोठं विमान बनवलं..."

"तो कायले बनवते! त्याले कुडत्याचं बटन लावता येत नाही. म्या जन्म देल्ला त्याले, मले नोको सांगू! इनंच फाडला अन् इनंच बनवलं! रोज त्या खोलीत घुसून राह्यते. मले वाटे, ही काय करून राहिली, तं हे करून राहिली!"

मग एक बाई खळखळून हसली. त्या सरपंच बाई होत्या हे मला नंतर कळलं. त्यानंतर सगळेच हसायला लागले, आणि त्या गलक्यात सरांचा आवाज आला, "हो. तिनंच बनवलं. मी फक्त शेपटी धरली."

हे वाक्य त्यांना दुकानात म्हणता आलं असतं. शाळेत, फ्लेक्स लावणाऱ्यापुढं, केव्हाही म्हणता आलं असतं. आईनं चारचौघांत कान धरला तेव्हा म्हटलं. मला त्याचं कौतुक नाही, आजही नाही.

मी विमान उतरवलं. एकदा उसळी खाल्ली, पण सरळ थांबलं. इंजिन बंद केल्यावर पहिल्यांदा मागं वळून पाहिलं, तर सासूबाई भेगाळलेल्या गाळातून तरातरा येत होत्या. त्या वाकल्या, पंखाखाली हात घालून काठावरून बोटं फिरवली, टिचकी मारून पाहिली.

"तुनं बनवलं तं सांगाव नाही काय?" त्या म्हणाल्या.

"सांगत तर होते, आई."

"कोणाले?"

"सगळ्यांना."

त्यांनी काठ पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाल्या, "लुगड्याचं मले वाईट वाटलं, समजलं?" आणि गेल्या. सरांच्या खांद्यावरची शाल मी त्याच दिवशी घेतली. पंखांवर धूळ बसू नये म्हणून ती आता मागच्या खोलीतच असते.

ग्रुपवरचा फोटो कोणी बदलला नाही. पण गावात आता त्याला सरांचं विमान म्हणत नाहीत. कोणी पाहुणा आला की सांगतात, "ते ना? मॅडमनं लुगडा फाडून बनवलं ते." फासळ्या मी कापल्या, इंजिन मी बसवलं, वाकडा पंख मोडून पुन्हा मी केला, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते तेव्हा कोणाच्या कानात शिरलं नाही. साडी फाडली हे मात्र एका हाकेत सगळ्या गावानं ऐकलं आणि लगेच मानलं. बाईनं काही बनवलं म्हटलं की यांना पुरावा लागतो. बाईनं काही फाडलं म्हटलं की लागत नाही.