चौपन्न पायऱ्यांवरचं घर

दलालाचा फोन आला की फरशीवाल्याच्या घरात पळापळ सुरू होई. घर बघायला गिऱ्हाईक पाऊण तासात पोचतंय, एवढंच सांगून तो फोन ठेवी. थोरली बारा वर्षांची. ती अंथरुणं गुंडाळून पलंगाखाली सारी आणि पैलवानाला खाली फिरवायला नेई. पैलवान म्हणजे कुत्रा, म्हातारा आणि भित्रा. धाकटा सहा वर्षांचा. त्याच्याकडे खेळणी आवरायचं काम आणि मांजर टोपलीत कोंबायचं. घरातली कुठलीही वस्तू हलवली की मांजर गुरगुरे, म्हणून तिचं नाव सासूबाई. मग खिडक्या उघडायच्या, फरशी फिनेलने पुसायची. सगळ्यात शेवटी फरशीवाला बायकोला पाठीवर घेई आणि समोरच्या काकूंकडे नेऊन बसवी.

"आजारपण दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं," दलालाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "वहिनी, राग मानू नका."

"राग कसला? कुत्रा, मांजर, बायको. एका रांगेत बाहेर काढा."

ती धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. सात महिन्यांपूर्वी तिथल्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. ती फरशी आपण बसवलेली नव्हती, हे तो अजून लोकांना सांगतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. दर सोमवारी तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे पाठीवर घेऊन उतरायचं, पाठीवर घेऊन चढायचं. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरश्या बसवलेला माणूस तो. त्याचे गुडघे आता त्याचे राहिले नव्हते. मागच्या सोमवारी सोळाव्या पायरीवर डावा गुडघा लचकला. कठडा हाताला लागला म्हणून दोघं वाचले.

दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्या शिंप्याचं तळमजल्याचं घर विकायचं होतं. दाराला एकही पायरी नाही. महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, असं शिंप्याने कबूल केलं होतं. पण हे घर गेल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. अकरा गिऱ्हाइकं येऊन गेली. महिन्याचे पाच दिवस उरले.

तेव्हा दलाल म्हणाला, "उद्या पाच वाजता बस ड्रायव्हर आणतोय. बाहेरून बघून गेलाय, गल्ली आवडलीय. हा पक्का समजा."

फरशीवाल्याला रात्रभर एकच गोष्ट टोचत राहिली. दारातून आत आल्यावर पहिल्या चार फरश्या ठोकल्या की पोकळ वाजत. घरातली सगळी फरशी त्याने स्वतः बसवलेली, बारा वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी. त्या चारांखाली सिमेंटचा माल कमी पडला होता. बारा वर्षांत एकीलाही तडा गेला नव्हता. अकरा गिऱ्हाइकांतल्या एकालाही आवाज कळला नव्हता.

"राहू द्या ना," बायको म्हणाली. "ड्रायव्हर काय फरशी ठोकून बघणारे?"

"तो नाही ठोकणार. मला माहीत आहे ना."

सकाळी सातला त्याने चारही फरश्या न फोडता उचलल्या. जुना माल खरवडून काढला, नवा कालवला, नऊपर्यंत चारही बसवल्या. पाचपर्यंत अलगद पाय ठेवण्याजोगं होईल, असा हिशेब. अकरा वाजता सासूबाई पैलवानावर गुरगुरली, पैलवान घाबरून दाराकडे पळाला आणि दोन फरश्यांचे कोपरे दबले. नखाएवढा फरक. दुसऱ्या कुणी पायपुसणं टाकून झाकला असता. त्याने चारही पुन्हा उचलल्या.

"बाबा, तुम्ही शाळेत असता तर बाईंनी तुम्हाला घरीच सोडलं नसतं," थोरली म्हणाली. तो लेव्हल बघत होता.

अडीचला काम संपलं. तीनला दार वाजलं. ड्रायव्हरची ड्युटी बदलली होती. दलालाने चार वेळा फोन केला होता, पण फोन आतल्या खोलीत कपड्यांच्या ढिगाखाली होता.

फरशीवाल्याने ओल्या फरश्यांवर, त्यांना स्पर्श होणार नाही अशी, आडवी फळी टाकली. एक माणूस कसाबसा येऊ शकत होता. बायकोला पाठीवर घेऊन बाहेर नेलं तर फळी वाकून फरश्यांना टेकणार होती. आणि टेकू दिली असती तरी आता काय उपयोग? गिऱ्हाईक दारात उभं होतं. बायको पलंगावर होती, पैलवान पलंगाखाली, सासूबाई तिच्या मांडीवर.

ड्रायव्हर एकटा नव्हता, आईला घेऊन आला होता. तीन जिने चढून म्हातारीच्या छातीचा भाता चालला होता. फळीवरून मुलाचा हात धरून ती आत आली आणि बसायला जागा बघत सरळ पलंगाच्या कडेला टेकली.

"बरं नाही का गं?" तिने विचारलं.

"सात महिने झाले, मावशी. पाय गेले."

"मग खाली कशी उतरतेस?"

दलाल घाईने म्हणाला, "आजी, स्वयंपाकघर बघा, केवढा उजेड येतो."

"मी नाही उतरत," बायको म्हणाली. "हे उतरवतात. पाठीवर."

म्हातारी फरशीवाल्याकडे बघत राहिली. मग मुलाकडे वळली. "तुझी पाठ दहा तास स्टिअरिंगवर असते. मला उतरवशील?"

ड्रायव्हरने स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडून बघितला, फरशी छान आहे म्हणाला. "विचार करून कळवतो, दादा." जाताना फळी हलू नये म्हणून तो अगदी जपून गेला.

दलालाने जिन्यात तोंड सोडलं. "दादा, हातचं गिऱ्हाईक घालवलंत. चार फरश्यांपायी."

ड्रायव्हरचा फोन आला नाही. महिनाअखेरीला फरशीवाला शिंप्याकडे गेला आणि अजून पंधरा दिवस थांबा म्हणाला. शिंपी वाईट माणूस नव्हता. त्याने पाणी दिलं, बसवलं. "मला मुलीकडे जायचंय हो. परवा एकाने विचारलंय. मी थांबलो तेवढा थांबलो." फरशीवाला त्या घराच्या उंबऱ्याकडे न बघता निघाला.

सोमवारी सकाळी तो पलंगाला पाठ करून गुडघ्यांवर बसला. बायकोने हात पुढे केले नाहीत.

"आज नको," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तर पोरांचं कोण?"

"नंबर लागलाय."

"लागू दे."

तो तसाच बसून राहिला. गुडघ्यांतली कळ मांडीपर्यंत चढली. थोरली दारात चाकांची घडीची खुर्ची उचलून उभी होती. शेवटी बायकोने त्याच्या गळ्यात हात टाकले.

बत्तिसाव्या पायरीवर त्याला बसावं लागलं. ती पाठीवर तशीच. दोघांचे श्वास एका लयीत येईनात.

"दलालाला सांगा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "यापुढे मी घरातच बसणार. काकूंकडे नाही."

"घर विकलं जाणार नाही मग."

"लपवून तरी कुठे गेलं?"

त्याने कठडा धरला, उजवा पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग डावा त्याच पायरीवर आणला. उरलेल्या बावीस पायऱ्यांना त्याला अकरा मिनिटं लागली.