नदीकडचा भोंगा

माझा आवाज मोठा आहे. घरात त्याची तक्रार, जत्रेत त्याचं कौतुक. शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून पौषातल्या आमच्या जत्रेत हरवलेल्यांचा माईक माझ्याकडे असतो. मंडपात एक टेबल, एक बाकडं, पाण्याची कॅन, आणि बाहेर पाच भोंगे. पाचवा पार नदीकडे, आकाशपाळण्याच्याही पलीकडे. शिरपूरकडून, मालेगावकडून गाड्या भरभरून माणसं येतात, पाळण्यात बसतात, फुटाणे-रेवड्या घेतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढलेली पुरी-भाजी खातात आणि एकमेकांना हरवून बसतात.

नुसतं पुकारून कंटाळा येतो, म्हणून मी मधूनमधून गंमत करायचो. "हिरव्या साडीवाल्या बाई, तुमचा नवरा इथं रडून राह्यला, घेऊन जा." लोक दात काढायचे. बायको म्हणायची, तुमच्या जिभेला हाड नाही. खरं होतं ते.

पाच वर्षांपूर्वी, दुपारी बाराच्या सुमारास, एक म्हातारी टेबलापाशी आली. किन्हीराजाच्या पुढच्या कुठल्यातरी खेड्यातली. नवऱ्याला झाडाखाली बसवून ती पाणी आणायला गेली होती. परत आली तर तो जागेवर नाही.

"नाव सांगा, माय."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बुढ्याचं नाव काय?"

"त्याइचं नाव कसं घेऊ, बापू? जल्मात नाही घेतलं."

सोबत कोणी नव्हतं, दोघंच आले होते. फोन म्हाताऱ्याच्याच खिशात, आणि तोही बंद. मग ती हळूच म्हणाली, "त्याइले आता काही ध्यानात राहत नाही. गाव सांगता येत नाही. पण नाव पुकारलं का उठून उभे राहतात. दवाखान्यात पाह्यलं मी."

एवढं ऐकल्यावर मी कान पुढे करायला हवा होता. मी तर चाळीस वर्षं पोरांची नावं पुकारलेला मास्तर. पण माईक चालू होता आणि समोर एवढी माणसं होती. मी म्हणालो, "मंडळी, ऐका. या आजीचे आजोबा हरवले, पण आजी नाव सांगत नाहीत. आता आजी उखाणा घेणार!"

सगळं मैदान हसलं. मंडपात आम्हाला ऐकू आलं. म्हातारीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि ओठ मिटून बाकड्यावर जाऊन बसली.

मग मी वर्णन पुकारलं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पंचा. त्या मैदानात असे म्हातारे ढिगानं. स्वयंसेवक पोरांनी चार आणून उभे केले. एकेकाकडे बघून तिनं मान हलवली. चौथ्याला मात्र तिनं स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं, कारण तोही कोणाचा तरी हरवलेला होता.

तीन वाजून गेल्यावर ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आली, तोंडाला पदर लावला आणि कानात नाव सांगितलं. इतकं हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. मी ते वीस वेळा तरी पुकारलं. तोवर ट्रॉल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि गाड्या निघायला लागल्या होत्या. कुठूनही कोणी उठून उभं राहिलं नाही.

निरोप मिळाल्यावर गावाहून तिचा पुतण्या आला. ठाणं झालं, बसस्टँड झाला, नदीकाठ झाला. म्हातारा सापडला नाही, आजतागायत नाही.

मला कोणी दोष दिला नाही. म्हातारा माणूस, चालायचंच, असं लोक म्हणाले. पण तीन तास तो त्याच मैदानात असणार, आणि त्याच्या कानावर नावाऐवजी हसणं गेलं असणार. हे मी कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून घरातही माझा आवाज उतरला आहे, असं बायको म्हणते.

पुढच्या वर्षी ती आली. पुतण्याला बाहेर थांबवलं, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माझ्या हातातून माईक घेतला. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, तीनदा. उखाणा नाही, काही नाही. या वेळी कोणी हसलं नाही. माईक परत देत तिनं विचारलं, "तो नदीकडचा भोंगा चालू हाय ना?"

"हाय, माय."

मग मी माझं नेहमीचं वाक्य जोडलं. तुमची घरवाली मंडपात बसली आहे, जिथं असाल तिथून या. ती शेवटच्या बसपर्यंत बाकड्यावर बसून राहिली. अशी चार वर्षं आली. दर वर्षी तीनदा नाव, आणि नदीकडच्या भोंग्याची चौकशी.

यंदा आली नाही. दुपारी तिच्या गावचा एक माणूस भेटला. म्हणाला, दिवाळीतच गेली.

बाकड्यावर मी कोणाला बसू दिलं नाही. ते नाव मला पाठ झालं आहे. इथं लिहीत नाही, तो हक्क तिचा होता. पण तीन वाजता राहवलं नाही. मी माईक जवळ ओढला आणि नाव पुकारलं, तीनदा. आणि सवयीनं पुढचं वाक्य तोंडातून निघून गेलं, तुमची घरवाली मंडपात बसली आहे, जिथं असाल तिथून या.

पाचही भोंग्यांवरून ते गेलं. नदीकडच्याही.

त्यानंतर शेवटची बस जाईपर्यंत मी मंडपाच्या तोंडाकडे बघत बसलो. पांढरं धोतर दिसलं की ते पुढे निघून जाईपर्यंत मी नजर हलवत नव्हतो. पाच वर्षं मी तो यावा म्हणून पुकारत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आज तेवढा येऊ नको, बाबा.