आत्यानं बांधलेलं इंजिन

"निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे शेंबडं पोरगंही सांगेल. कुठून जळतंय ते बोल," आत्या गाडीखालून म्हणाली. बाहेर तिचे नुसते पाय दिसत होते.

"रिंगा गेल्यात," दादा म्हणाला.

पाय हलायचे थांबले.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गॅरेज दोघांचं. गिऱ्हाइकं, चाकं, ब्रेक त्याच्याकडे, इंजिन हिच्याकडे. गल्लीतली म्हातारीकोतारीही हिला आत्याच म्हणतात, कारण दादाची पोरगी पाळण्यातून उतरली तशी "आत्या, आत्या" करत हिच्या मागं फिरली आणि ती हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. त्या पोरीला सगळे ठिणगी म्हणतात. ती आता ही टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवते. गाडीचं इंजिन आत्यानं बांधलेलं. पिस्टनवरची एकेक रिंग हिनं स्वतःच्या बोटांनी बसवलेली. त्यामुळं 'रिंगा गेल्यात' याचा सरळ अर्थ एकच होता: तुझा हात चुकला.

गेल्या शर्यतीत गाडीनं असा धूर ओकला की मागच्या ड्रायव्हरला वळणच दिसेना. मार्शलनं काळा झेंडा दाखवून गाडी बाहेर काढली आणि वर दम भरला. आता सरावात परत धूर दिसला, तर या वर्षी ट्रॅक विसरायचा.

"टर्बो गेला असेल गं," ठिणगी म्हणाली. "तुझ्या रिंगा कशाला जातील?"

"माझी वकिली करू नकोस. इंजिन मी बांधलंय, तर शंका आधी माझ्यावरच घ्यायची."

आत्या बाहेर आली, हात पुसले आणि कामाला लागली. प्लग काढले. एकेका सिलिंडरमध्ये नळीनं हवा भरली आणि ऑइल ओतायच्या तोंडाला कान लावला. रिंगा झिजल्या असत्या तर हवा खाली निसटून तिथं साप फुत्कारल्यासारखा आवाज आला असता. दादानंही कान लावून बघितला. आतून काही येईना.

"तुझे कान गेलेत का बघ," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मग टर्बोचा पाईप काढून आतल्या पंख्याची दांडी तिनं बोटांत धरून हलवली. दांडी जागच्या जागी घट्ट. पण तो पाईप आतून ऑइलनं माखलेला. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी तर नुसती थबथबलेली. रिंगा धड, टर्बो धड, आणि ऑइल भलत्याच वाटेनं वर चढलेलं. आत्यानं ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत बुडवून काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर.

"इतकी पिणारी बाई, आणि पोट भरलेलं कसं?" ती स्वतःशीच पुटपुटली. पट्टी परत जागेवर खोचली आणि म्हणाली, "उद्या सरावाला मी येणार."

बापलेक एकमेकांकडं बघायला लागले. आत्या गॅरेज सोडून ट्रॅकवर कधी येत नसे. मोकळ्या गाडीला उगाच गोल गोल पळताना बघून तिचं डोकं फिरायचं.

दुसऱ्या दिवशी ती टायरांच्या ढिगावर बसून राहिली. सराव सुरू व्हायला अवकाश होता. दादा आला, इकडंतिकडं बघितलं, ऑइलचा डबा उचलून इंजिनात घटघट ओतला आणि काही झालंच नाही अशा थाटात हवा तपासायला गेला. तो वळतोय तोच ठिणगी आली. तिनंही झाकण उघडलं, तिनंही ओतलं.

"अजून कोण राहिलंय?" आत्यानं ढिगावरून विचारलं. "मार्शलला बोलवू? तोही घालेल घोटभर!"

दादा धावत आला. "म्हणजे तूही घालतेस?" त्यानं पोरीला विचारलं.

"तुम्हीच तर सांगता ना बाबा, लांब वळणावर ऑइल एका अंगाला जातं आणि इंजिन कोरडं पडतं."

दादा तरुणपणी स्वतः गाडी पळवायचा, तेव्हा त्याचं इंजिन अशाच वळणावर जाम झालं होतं. ती धास्ती अजून गेली नव्हती, आणि पोरीला ती गोष्टीसारखी ऐकवून ऐकवून त्यानं तिच्यातही उतरवली होती. दोघं एकमेकांना न सांगता ओतत होते. धूर दिसला की घाबरून आणखी ओतत होते.

"ऑइल खाणारं इंजिन खुणेपाशी थांबत नाही रे दादा, ते तळ गाठतं. हे बिचारं जास्तीचं तेवढं ओकून टाकतंय. टर्बोतून खाली उतरणाऱ्या ऑइलला तुम्ही जागा ठेवली का?"

"पण ते वळण..."

"तुझं इंजिन जाम झालं तेव्हा ते गॅरेजात आणून कुणी उघडलं होतं? मीच ना? म्हणून हिच्या ऑइलच्या टाकीत मी आडव्या पट्ट्या जोडल्यात. वळणावर ऑइल पळून जाणारच नाही. विचारायचं होतंस."

आत्यानं खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं ऑइल काढलं, पट्टी खुणेवर आणली आणि झाकणावर तळहात ठेवून दोघांकडं बघितलं. दोघंही मागं सरकले.

ठिणगी निघाली. पहिल्या फेरीला मार्शलच्या हातात काळा झेंडा तयार होता. लांब वळणावर दादानं डोळे मिटले. आत्यानं नाही मिटले. गाडी वळण कापून सरळ रस्त्यावर आली, टर्बोनं शीळ घातली, आणि मागं नुसती हवा. मार्शलनं आणखी दोन-तीन फेऱ्या बघितल्या आणि झेंडा काठीला गुंडाळून ठेवला.

"कुणी बांधलंय हो इंजिन?" त्यानं विचारलं.

"माझ्या बहिणीनं," दादा एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडचे गाडीवालेही वळले. "रिंगासुद्धा तिनंच बसवल्यात!"

आत्या तोवर पाने पिशवीत भरत होती. गॅरेजात दूधवाल्याचा टेम्पो इंजिन उघडून ठेवलेला होता, आणि त्याला संध्याकाळी गाडी हवी होती.