जाड्या गोळीचा योतामू

योतामूला बंदूक कळते, असं लुआंग्वा नदीच्या अख्ख्या खोऱ्यात मानतात. डोंबल कळते! माग काढावा तर त्यानेच, हे खरं. पण बंदुकीच्या बाबतीत त्याचं एकच शास्त्र: गोळी जितकी जाडी, तितका मर्द मोठा. शिकारी छावणीत पाहुणा उतरला, की हा आधी त्याची काडतुसं हातात घेऊन बघायचा, आणि बारीक निघाली की आम्हा कातडी सोलणाऱ्यांसमोर नाक मुरडायचा. वीट आला होता मला. पण पडला माझ्या बहिणीचा नवरा. आमच्यात मेहुण्यामेहुण्यांनी एकमेकांना ‘मलामू’ म्हणत वाटेल ते बोलावं, राग मात्र धरायचा नाही.

गेल्या हंगामात दातांचा एक लठ्ठ डॉक्टर दोन बंदुका घेऊन आला. रिवाजाप्रमाणे झाडाला कागद लावून त्याचा नेम बघितला. तीनशे पंचाहत्तरच्या बंदुकीच्या बारीक गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मग जाड्या गोळीची, पाचशेची उचलली, आणि चाप ओढायच्या आधीच गड्याने डोळे गच्च मिटले. गोळी कागदाला लागलीच नाही.

“रानरेड्याला कुठली नेऊ?” त्याने विचारलं.

छावणीचे साहेब तोंड उघडणार, तोच योतामूने पाचशेवर हात ठेवला. “ही. ती दुसरी बायकांची.”

“अरे मलामू, त्याचे डोळे मिटतात!” मी ओरडलो.

“तू कातडी सोल. माझे उघडे आहेत ना?”

पाहुणा ओशाळला आणि त्याने जाडीच घेतली. पाहुणा खूश तर साहेबही खूश. थू!

गोळी बसली रेड्याच्या पोटात. जखमी जनावर दाट झुडपात शिरलं. आमच्याकडे अशा वेळी माग काढणारा पुढे जातो, रिकाम्या हाताने. बंदुका त्याच्या मागे. योतामू वाकून रक्त बघत होता, आणि रेडा वळसा घालून बाजूने आला. साहेबांनी रेडा पाडला खरा, पण तोवर योतामूच्या कंबरेचा चुरा झाला होता. तो रेडा मीच सोलला. पोटात हे एवढं भोक, हिरवी घाण साऱ्या मांसाला लागलेली.

योतामू आता कधी उभा राहणार नाही, असं इस्पितळात सांगितलं. माझी बहीण मैलेसी त्याच्याखालचं भांडं काढत होती. खाटेभोवती गावकरी जमलेले, आणि हा त्यांना ऐकवतोय, “पाचशेची लागली म्हणून रेडा आधीच अर्धा मेला होता. ती बायकांची गोळी असती, तर मी आज दिसलो नसतो!” आणि ती गाढवं माना डोलवत होती. मैलेसी भांडं घेऊन बाहेर गेली. कुणी तिला वाटही दिली नाही.

मग त्याने प्रेमाने माझा हात धरला. “मलामू, साहेबांना सांगून ठेवलंय. येत्या हंगामापासून मागावर माझ्या जागी पुढे तू.”

“आणि बंदूक कुठली न्यायची, ते पाहुण्याने कुणाला विचारायचं?”

“मलाच की,” तो म्हणाला. “साहेब मला छावणीत खुर्ची देणार आहेत.”