सामासिक अंतरातली छत्री

जूनच्या एक तारखेला सकाळी साडेनऊ वाजता माझ्या व्हरांड्यात आमच्या सोसायटीच्या दंड खात्यात एक्कावन्न रुपये जमा झाले. हजर दोघे: दंड भरणारे आमचे सेक्रेटरी आणि घेणारा मी, खजिनदार. दंड लावणारेही सेक्रेटरीच होते, त्यामुळं कुणाला हवं तर त्यांना दोनदा मोजावं. सबंध सोलापुरात नियमांवर इतका जीव असलेला दुसरा माणूस नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. कुणाचा जीव मुलांवर असतो, कुणाचा नातवंडांवर, एखाद्याचा बायकोवरही असतो म्हणे. आमच्या सेक्रेटरींचा उपविधींवर आहे.

सरकारी नोकरीत ते अनुरेखक होते. म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर जसाच्या तसा गिरवायचा. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या रेघा गिरवल्या, स्वतःची एकही ओढली नाही. निवृत्त होऊन ते आमच्या चोवीस घरांच्या कॉलनीत राहायला आले. सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ते पद त्यांच्या गळ्यात पडलं, आणि बत्तीस वर्षं दाबून धरलेली पेन्सिल एकदम सुटली. घर आणि कुंपण यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला नकाशाच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. ते शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा होतो. कारण आहे. त्यांचा जन्म शुक्रवार पेठेतला. तिथं शेजारी शिंकला की ह्यांच्या घरातला दिवा फडफडायचा. "आमच्या घराला चार भिंती होत्या, त्यातल्या तीन दुसऱ्याच्या," असं ते सांगतात. अशा माणसाला साठाव्या वर्षी समोर तीन मीटर मोकळी जमीन मिळाली, तर तो तिची पूजा करणारच. ते करतातही. त्या तीन मीटरमध्ये त्यांनी तुळससुद्धा लावू दिलेली नाही. ती मागं आहे.

कॉलनीत एकेकाच्या घरावर टीव्हीच्या डिश उगवू लागल्या, ज्यांना आम्ही सगळे छत्री म्हणतो, तेव्हा सेक्रेटरींनी बांधकामाची जाडजूड नियमावली दोनदा वाचून काढली. आपल्या जागेत छत्री कुठं लावावी, याविषयी त्यांना त्यात एक ओळ सापडली नाही. ही उणीव त्यांना सहन झाली नाही. आठ दिवसांत त्यांनी सतरा नियम लिहिले. छत्रीचा व्यास साठ सेंटिमीटरच्या वर नको. ती समोरच्या सामासिक अंतरात नको. रस्त्यावरून दिसू नये, दिसलीच तर झाकलेली दिसावी. वायर रस्ता ओलांडू नये. लावण्यापूर्वी अर्ज, अर्जासोबत तीन प्रतींत नकाशा, मग स्थळपाहणी, मग ना हरकत दाखला. प्रत्येक भंगाला एक्कावन्न रुपये दंड; दंडाचा आकडासुद्धा शुभ. वार्षिक सभेत त्यांनी हे सतरा नियम सावकाश वाचले. बाहेर बटाटेवडे गार होत होते, त्यामुळं ते एकमतानं मंजूर झाले. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे नोंदवून ठेवतो.

पुढची दोन वर्षं ते पोलादी फीत घेऊन गच्च्यांवर चढत राहिले. बार्शीहून बदलून आलेले एक गुरुजी आमच्या रांगेत राहतात. त्यांची छत्री रस्त्यावरून वीतभर दिसत होती. सेक्रेटरींनी ती झाकायला लावली. गुरुजींनी घरातली जुनी चादर तिच्यावर पांघरली. चित्र चांगलं येत होतं. मग गुरुजींच्या सौभाग्यवतींनी ती धुतली आणि वाळायलाही तिथंच घातली. ओल्या चादरीतून काही येईना. ऐन क्रिकेटच्या सामन्यात, शेवटच्या षटकात, पडद्यावर नुसती निळाई. गुरुजी तणतणत गेले. "सेक्रेटरी, तुमच्यापायी माझी मॅच गेली की हो!" सेक्रेटरींनी शांतपणे वही उघडली. "झाकण्याचा नियम आहे गुरुजी. ओलं झाका असं कुठं लिहिलंय? दाखवा." आणि पुढच्या सभेत सहाव्या नियमात 'कोरड्या' हा शब्द घातला.

असा हा माणूस. त्याला अडवणार कोण? त्याचा तोच.

गेल्या जानेवारीत सेक्रेटरींच्या पत्नी, आमच्या वहिनी, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट आली. वहिनी अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातल्या, माहेरची बोली कानडी. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांच्याशी कानडीत बोलणारं घरात कुणी नव्हतं. सेक्रेटरींना कानडीतले आकडे तेवढे येतात, तेही दहापर्यंत. पडून पडून वहिनींनी एकच गोष्ट मागितली. कानडी मालिका. त्यांच्या केबलवर कानडी वाहिनी नव्हती. छत्रीवर होती.

छत्री बसवायला मोहोळचा एक मनुष्य आला. गच्चीवर जाऊन, मान वर करून, तो खाली आला. "साहेब, छत्रीला दक्षिणेचं आभाळ दिसाय पायजे. तुमचा कडुनिंब लई दाट हाय. सगळी गच्ची झाकलीया त्यानं."

"फांदी तोडायला परवानगी लागते. अर्ज केलेला आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कवा?"

"तीन वर्षं झाली."

त्यानं सगळं घर फिरून पाहिलं आणि गेटजवळ, मोकळ्या तीन मीटरच्या बरोबर मधोमध, टाच आपटली. "हितं लोखंडी पाइप रोवा. हितनं झकास दिसतंय."

सेक्रेटरींचा चेहरा असा झाला, की जणू त्यानं देवघरात चप्पल घातली. मी समोरच राहतो. म्हणालो, माझ्या गच्चीवर लावा, आभाळ भरपूर आहे. "वायर रस्ता ओलांडेल," ते म्हणाले. "नियम अकरा." स्वतः लिहिलेला नियम ते अशा आवाजात सांगतात, की वाटावं तो वरून आलाय.

मग त्यांनी जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर लिहिलं नसतं. त्यांनी सेक्रेटरींच्या नावे रीतसर अर्ज केला. सेक्रेटरी या नात्यानं तो स्वीकारला आणि स्वतःला पोच दिली. तिसऱ्या दिवशी स्थळपाहणीसाठी फीत घेऊन घराबाहेर पडले, गेट लावलं, पुन्हा उघडलं आणि स्वतःच्या दाराची घंटा वाजवली. आतून वहिनींचा आवाज आला, "कोण आहे हो? मला उठता येत नाही, ढकला दार." पाहणी झाली. चौथ्या दिवशी अर्ज फेटाळला. फेटाळल्याचं पत्र त्यांनी वहिनींना वाचूनही दाखवलं.

वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग "साकु!" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. साकु म्हणजे पुरे. त्यानंतर चार दिवस त्या कुठल्याच भाषेत बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम बंद, जेवण अर्ध्या भाकरीवर. पाचव्या दिवशी सेक्रेटरी माझ्याकडं आले, ते नियम अठरा घेऊन: रुग्ण स्वतःच्या पायांनी गेटपर्यंत जाऊ शकत नाही तोवर, फक्त रुग्णासाठी, समोरच्या सामासिक अंतरात तात्पुरती छत्री. दर महिन्याच्या एक तारखेला तपासणी अहवाल. रुग्ण चालू लागताच चोवीस तासांत छत्री काढणे. समितीनं दहा मिनिटांत मंजुरी दिली. पाइप रोवला गेला. संध्याकाळी समोरच्या खिडकीतून दणदणीत कानडी भांडण ऐकू आलं आणि त्याच्यावरून वहिनींचं हसणं. त्या रात्री भाकरी पूर्ण गेली, असा अहवाल सेक्रेटरींनी मी न विचारताच मला दिला.

दर एक तारखेला ते वही घेऊन खाटेसमोर उभे राहत. "रुग्णास गेटपर्यंत चालता येते काय?" वहिनी म्हणत, "कुठलं हो! पाय उचलत नाही की." ते 'नाही' असं लिहीत आणि खाली सही करत. मार्च, एप्रिल, मे. तिन्ही अहवाल खरे होते.

मेमध्ये मला एक गोष्ट दिसू लागली. दुपारी दोनला सेक्रेटरी आतल्या खोलीत झोपले, की समोरचं दार हळूच उघडे. वहिनी काठी टेकत बाहेर येत. मोजायची मला खोड आहे. पहिल्या दिवशी वीतवीतभर नऊ पावलं, आणि परत. आठवड्यानं चौदा. महिनाअखेरीला बावीस, थेट गेटपर्यंत. त्यांनी छत्रीच्या पाइपवर हात ठेवला, दम खाल्ला, आणि वर बघितलं तर माझ्या गॅलरीत मी.

"भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका बरं का. उद्या काढतील छत्री."

मी मान हलवली. मग रात्रभर आकडे मांडत बसावं तसा विचार करत बसलो. मी समितीचा सदस्य, खजिनदार, वीस वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही. आणि आता एका चालत्या रुग्णाची माहिती मी दडवून बसलो होतो.

एक तारीख उजाडली. साडेनऊला सेक्रेटरी वही काखेत घेऊन आले. तपासणी झाली होती. अहवाल माझ्यापुढं ठेवला. 'नाही.' मी सही पाहिली, अक्षर पाहिलं, त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्यांनी खिशातून पन्नासची नोट आणि वर एक रुपया काढून टेबलावर ठेवला.

"पावती फाडा. नियम सोळा."

नियम सोळा म्हणजे अहवालात खोटी माहिती. मी पुस्तक उघडलं. "कारण काय लिहू?"

"तो रकाना कोरा ठेवा." त्यांनी एकदा वर माझ्या गॅलरीकडं बघितलं, एकदा समोर आपल्या गेटकडं. मग म्हणाले, "बावीस पावलं आहेत. परवा ती कुठंही न थांबता गेली. मी पडद्याआडून मोजत होतो."

"मग सांगा की वहिनींना."

"सांगितलं तर छत्री काढावी लागेल. नियम माझाच आहे." आणि उठता उठता, "काल त्या मालिकेतल्या सासूनं सुनेला काय म्हटलं, ते तिनं मला मराठीत समजावून सांगितलं. अडतीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काही शिकवलं, खजिनदार. म्हणजे मी शिकलो."

आता नोव्हेंबर चालू आहे. वहिनी दुपारी काठीशिवाय गेटपर्यंत जातात आणि सेक्रेटरी त्या वेळी गाढ झोपलेले असतात. एक तारखेला त्या म्हणतात, "पाय उचलत नाही की," आणि ते 'नाही' लिहितात. या महिन्याची धरून सहा पावत्या झाल्या. एकूण रुपये तीनशे सहा. दिले सेक्रेटरींनी, घेतले सोसायटीने. सहाही पावत्यांवर कारणाचा रकाना कोरा आहे, आणि खाली सही माझी आहे.